सव्वासहा इंच

२९ जून २०२३, गुरुवार

परवा खेकड्यांचा मोसम उघडतोय. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गॅरेजात पिंजरे तपासायला बसलो. शेजारी वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटमध्येच जन्मले-वाढले, आता निवृत्त आहेत. बोट त्यांची, हातपाय आमचे, अशी आमची वाटणी.

प्रत्येक पिंजऱ्याच्या झाकणाची कडी सुती दोऱ्याने बांधायची असते. दोरा निव्वळ सुताचा किंवा दुसऱ्या नैसर्गिक धाग्याचा हवा आणि अष्टमांश इंचापेक्षा जाड नको, असा वॉशिंग्टन राज्याचा नियम आहे. पिंजरा हरवला तर पाण्यात हे सूत हळूहळू कुजतं, झाकण मोकळं होतं आणि आत अडकलेले खेकडे बाहेर पडतात. नायलॉन लावलं तर तोच पिंजरा तळाशी बसून मारत राहतो. आतले मरतात, त्यांच्या वासाने नवे आत शिरतात आणि तेही मरतात. म्हणून दरवर्षी जुना दोरा काढून नवा बांधायचा. लेकाने प्रत्येक गाठ स्वतः बांधली आणि ओढून पाहिली.

पिंजऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागात सव्वाचार इंची दोन कड्या असतात. लहान खेकडे त्यातून आपले आपण निघून जातात. वर तरंगणारा बोया अर्धा लाल, अर्धा पांढरा रंगवायचा आणि त्यावर मालकाचं नाव-पत्ता वाचता येईल असा लिहायचा. माणशी दोनच पिंजरे. दोर इतका जड हवा की तो पाण्यावर तरंगता कामा नये, नाहीतर दुसऱ्याच्या बोटीच्या पंख्यात गुंततो.

लेकाला पंधरा पूर्ण नाहीत, त्यामुळे त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. पण पकडीची नोंद करायचं कार्ड मात्र त्याचं स्वतःचं वेगळं लागतं. त्याने आज ते पाकिटात घालून ठेवलं आहे, सोबत शाईचं पेन.

१ जुलै, शनिवार

पहाटे एव्हरेटच्या उतारावर बोटींची रांग. हॅट बेटाच्या बाजूला साठ-सत्तर फूट पाण्यात पिंजरे सोडले. आमिष म्हणून कोंबडीच्या तंगड्या आणि सामन माशाची डोकी. माझी आई सध्या इथे आली आहे. ती म्हणाली, तिच्या लहानपणी अलिबागच्या खाडीत खेकड्यांच्या फगाला असंच माशाचं डोकं बांधायचे.

मकिल्टिओहून क्लिंटनला जाणाऱ्या फेरीच्या वाटेपासून शेजारी कटाक्षाने दूर राहतात. फेरीच्या पंख्याखाली बोयाचा दोर तुटला की पिंजरा गेला आणि फेरीलाही इजा होऊ शकते. फेरी खातं दर उन्हाळ्यात लोकांना तेवढंच विनवत असतं.

दोन तासांनी पहिला पिंजरा वर आला आणि मोजमाप सुरू झालं. इथला मानाचा खेकडा म्हणजे डंजनेस. सिक्विम गावाजवळच्या डंजनेस नावाच्या ठिकाणावरून त्याचं नाव पडलं आहे. त्याच्या नांग्यांची टोकं पांढरी असतात. तो ठेवायचा तर तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. नर हवा, कवच टणक हवं आणि पाठीची रुंदी सव्वासहा इंच हवी. रुंदी मोजताना दोन्ही बाजूंचे टोकदार काटे धरायचे नाहीत, काट्यांच्या लगेच पुढे माप लावायचं. नर-मादी ओळखायला खेकडा उलटा करायचा. पोटावरची झडप अरुंद आणि टोकाकडे निमुळती असली तर नर, रुंद आणि गोल असली तर मादी. नुकतं कवच टाकलेला खेकडा पाय दाबल्यावर दबतो. त्याच्या अंगात मांस कमी आणि पाणी जास्त असतं. त्याला ताबडतोब परत सोडायचं. माणशी दिवसाला पाच.

लेकाने मापपट्टी लावून एक खेकडा बराच वेळ फिरवून पाहिला. पट्टी काट्यांच्या पुढून जेमतेम सरकत होती. तो म्हणाला, “आई, हा नाही.” आणि हात पाण्याला टेकवून सोडून दिला. फेकायचा नाही, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

जो ठेवला त्याची नोंद तिथल्या तिथे कार्डावर करायची. किनाऱ्यावर गेल्यावर किंवा घरी पोचल्यावर केलेली नोंद ही नोंदच नव्हे.

५ जुलै, बुधवार

मंगळवार आणि बुधवार इथे बंद. सोमवारी रात्र पडण्याआधी सगळे पिंजरे पाण्याबाहेर काढावे लागतात आणि गुरुवारी पुन्हा घालता येतात. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना आईने विचारलं, “समुद्राला कसली आली सुट्टी?”

तिला सांगितलं ते इथे लिहून ठेवते. हे पाणी आमच्या एकट्याचं नाही. २२ जानेवारी १८५५ रोजी याच मकिल्टिओच्या किनाऱ्यावर पॉइंट इलियटचा तह झाला. इथल्या मूळ रहिवाशांनी अफाट जमीन अमेरिकी सरकारच्या हवाली केली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क स्वतःकडे राखला. पुढची शंभरहून अधिक वर्षं तो हक्क कागदावर राहिला. आपल्याच नदीत जाळं टाकलं म्हणून मूळ रहिवाशांना पकडून नेत. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की तहाचा अर्थ पकडीतला अर्धा वाटा असा होतो. १९९४ मध्ये न्यायाधीश एडवर्ड रॅफिडी यांनी तेच तत्त्व शिंपले आणि खेकड्यांना लागू केलं.

म्हणून इथे खेकडा मोजायचा म्हणजे आधी त्याचे दोन भाग पडतात. अर्धा टुलालिप, स्विनोमिश, लमी अशा तहाच्या जमातींचा, त्यांच्या स्वतःच्या नियमांनी. उरलेल्या अर्ध्यात धंदेवाईक मच्छीमार आणि आमच्यासारखे हौशी. म्हणून आमचे वारही मोजून दिलेले. कोणी किती घेतले हे कळल्याशिवाय वाटणी करता येत नाही. माझ्या कार्डावरची रेघ त्या वाटणीत जाते. ती खरी नसेल तर मी केवळ वन्यजीव खात्याला फसवत नाही, शंभरहून अधिक वर्षांनी ज्यांच्या पदरात न्याय पडला त्यांच्या ताटातलं काढून घेते.

आई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “मग बंद तर बंद. त्यात वाईट काय?”

१६ जुलै, रविवार

उद्या दीप अमावास्या. मंगळवारपासून अधिक श्रावण लागतो आणि यंदा आई अधिकातही मासळी खाणार नाही आणि निज श्रावणातही. म्हणजे दोन महिन्यांचं एकदम आज उरकायचं. अमावास्येला चिंबोरी भरलेली असते, पौर्णिमेला पोकळ, हे तिचं ठाम मत. आम्ही निघताना तिने बजावलं होतं, “मादी आण. गाभोळीशिवाय कालवणाला काय चव?”

अलिबागच्या बाजारात चिंबोरी निवडताना आई ती हातात तोलते, पोट दाबून बघते आणि मादी मिळाली की तिचा चेहरा फुलतो. मला तिला सांगावं लागलं की डंजनेसची मादी इथे कोणालाच ठेवता येत नाही. एका मादीच्या पोटाखाली पंचवीस लाखांपर्यंत अंडी असू शकतात. तिला हात न लावता फक्त मोठे नर काढले तर पुढची पिढी थांबत नाही, कारण नर सव्वासहा इंचांचा होण्याच्या एक-दोन वर्षं आधीच वयात आलेला असतो. म्हणजे आपल्या हातात येण्यापूर्वी त्याचा संसार होऊन गेलेला असतो. सव्वासहा हा आकडा कोणाच्या लहरीतून आलेला नाही. खेकड्याच्या आयुष्याकडे पाहून तो ठरवला आहे.

पण आईची इच्छा पुरी झाली. पिंजऱ्यात दोन लाल खडकी खेकड्याच्या माद्या आल्या. रेड रॉक म्हणतात तो हा, नांग्यांची टोकं काळी. हा नर असो वा मादी, टणक कवचाचा आणि पाच इंचांचा असला की ठेवता येतो, माणशी सहा. प्रत्येक जातीला तिचा नियम.

बोटीवर खेकडा सोलायचा नाही, हाही नियम. पाठीचं कवच शेवटपर्यंत सोबत लागतं, नाहीतर माप कशावर लावणार? घरी आल्यावर आईने साफ केले. आतला पिवळा गर मात्र मी काढून टाकायला लावला. पाण्यात विषारी शेवाळाचा फुलोरा आला की ते विष तिथेच साठतं आणि शिजवून जात नाही, म्हणून इथलं आरोग्य खातं तो खाऊ नका म्हणतं. आईने बारीक पाय वाटून, गाळून रस काढला, खोबरं-कांदा भाजून वाटण घातलं. शेजारी दोन वेळा भात घेऊन जेवले.

२३ जुलै, रविवार

आज आमच्या पिंजऱ्याच्या दोरात दुसराच एक दोर गुंतून वर आला. त्याच्या टोकाला बोया नव्हता, खाली जड काहीतरी होतं. ओढून पाहिलं तर जुना पिंजरा. झाकण प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेलं. आत चार मेलेले खेकडे आणि तीन जिवंत, त्यातल्या दोघांचे पाय एकमेकांनी तोडलेले.

प्युजेट साउंडमध्ये वर्षाला सुमारे १२,००० पिंजरे हरवतात आणि त्यांत सुमारे १,७८,००० डंजनेस खेकडे मरतात, असा अंदाज या खाडीतून हरवलेली जाळी-पिंजरे काढणारी नॉर्थवेस्ट स्ट्रेट्सची मंडळी देतात. हे खेकडे कोणाच्याही ताटात जात नाहीत. कोणाच्याही कार्डावर ते चढत नाहीत.

दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावणं हा इथे गुन्हा आहे, त्यातला खेकडा काढणं तर आहेच. त्यामुळे शेजाऱ्यांनी मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवले, फोटो काढले आणि हरवलेल्या पिंजऱ्यांच्या क्रमांकावर फोन करून विचारलं, मगच पुढचं केलं. ज्याचा पिंजरा हरवतो त्यानेही न घाबरता कळवावं, कळवणाऱ्याला दंड नाही, अशी इथे सोय आहे. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते. शिक्षेची भीती असती तर लोक गप्प राहिले असते आणि पिंजरे खाली मारत राहिले असते.

५ ऑगस्ट, शनिवार

एडमंड्सच्या धक्क्यावर संध्याकाळ घालवली. बोट नसलेल्यांचा हा समुद्र. घडीचे पिंजरे, कड्याची जाळी, छोट्या मुलांचे आवाज, आणि बाजूने किंगस्टनची फेरी ये-जा करते.

शेजारच्या कठड्याशी एक कुटुंब होतं. आजोबा, मुलगी, दोन नातवंडं. बादलीत चार खेकडे, त्यातल्या तीन डंजनेसच्या माद्या. मुलांना इतका आनंद झाला होता की त्यांना काही बोलायला माझा जीव होईना. पण बादली उघडी होती, ते मला हौसेने दाखवत होते, लपवण्यासारखं त्यांच्या मनात काही नव्हतं. मी आमची मापपट्टी पुढे केली, माझ्या लेकाने खेकडा उलटा करून पोटावरची झडप दाखवली, अंडी कुठे असतात ते सांगितलं. मुलीने आजोबांना त्यांच्या भाषेत समजावलं. आजोबांनी स्वतः उठून तिन्ही माद्या जाळ्यात ठेवून खाली सोडल्या. वरून टाकल्या तर आपटून कवच फुटतं, हे त्यांना न सांगता ठाऊक होतं. कुठल्यातरी किनाऱ्यावर त्यांनी आयुष्य काढलं असणार.

ज्याला माहीत नाही त्याला सांगणं हे आमच्यापैकी कोणाचंही काम आहे. त्यासाठी गणवेश लागत नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार

त्याच धक्क्यावर आज वेगळं दृश्य. तिघे होते. पिंजरा वर आला की आतलं सगळं पाहिल्या-न पाहिल्यासारखं करून बादलीत. मापपट्टी नाही, कार्ड नाही. बादलीवर टॉवेल. कोणी जवळून गेलं की एकजण मुद्दाम आडवा उभा राही. बादली भरली की दुसरा ती घेऊन गाडीकडे जाई आणि रिकामी घेऊन परत येई. हे माझ्या डोळ्यांदेखत अनेक वेळा झालं. टॉवेल सरकला तेव्हा तळहाताएवढे खेकडे आणि माद्या दिसल्या. धक्क्याच्या तोंडाशी नियमांची पाटी आहे आणि ते तिच्यासमोरूनच ये-जा करत होते.

मी त्यांच्याशी बोलले नाही. खात्याचं सांगणंही तेच आहे. अडवू नका, वाद घालू नका, जे पाहिलं ते नीट टिपा आणि कळवा. धक्क्यापासून दूर, गाडीत बसून वहीत लिहिलं. वेळ कोणती, माणसं किती, गाडीचा रंग आणि क्रमांक, बादली किती वेळा गेली, मी स्वतः काय पाहिलं आणि काय फक्त अंदाज आहे ते वेगळं. मग वन्यजीव खात्याच्या शिकारचोरीच्या क्रमांकावर फोन केला, १-८७७-९३३-९८४७. मजकूर पाठवायचा असेल तर ८४७४११ या क्रमांकावर, सुरुवातीला डब्ल्यूडीएफडब्ल्यूटीआयपी ही इंग्रजी अक्षरं लिहून. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारलं. मी नाव दिलं. न देताही कळवता येतं, पण पुढे साक्ष लागली तर द्यायची माझी तयारी आहे.

एक गोष्ट ठरवून पाळली. ते कुठल्या देशाचे दिसत होते, कुठली भाषा बोलत होते, याचा एक शब्दही मी बोलले नाही. गुन्हा बादलीत होता, चेहऱ्यात नव्हता. या देशात मी स्वतः परकी दिसते. कोणी माझ्या रंगावरून माझी तक्रार करावी असं मला वाटत नसेल तर मीही ती तशी करता कामा नये. गाडीचा क्रमांक पुरतो.

१३ ऑगस्ट, रविवार

आईला आवडलं नाही. सकाळी चहाला बसल्यावर म्हणाली, “अगं, चार खेकड्यांसाठी कोणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? गरीब असतील बिचारे.”

हा प्रश्न सोपा नाही. म्हणून तिला घाईने उत्तर दिलं नाही. गरीब असतील, तर दिवसाला पाच खेकडे कायद्याने घेता येतात, आणि रेड रॉक सहा. एका घरातली चार माणसं परवाना काढून गेली तर वीस डंजनेस होतात. भुकेला ते पुरतात. बादल्यांवर बादल्या गाडीत जातात त्या बहुधा विकण्यासाठी, आणि हौशी परवान्यावर पकडलेला खेकडा विकणं इथे बेकायदा आहे. इथला कायदाही फरक करतो. दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पट किंवा अधिक घेतलं की तो मोठा गुन्हा ठरतो, ३६४ दिवसांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड. एखादा खेकडा चुकून जास्त घेणाऱ्याला हे लागू होत नाही.

आणि पाय नेमका कोणाच्या पोटावर पडतो? २०१८ मध्ये टॅकोमाकडचा आणि दक्षिण प्युजेट साउंडचा भाग खेकडे फार कमी झाले म्हणून हौशी लोकांना बंद करावा लागला. तिकडे धक्क्यावर जाळं टाकून आठवड्याची एक संध्याकाळ काढणाऱ्या म्हाताऱ्यांचा तो एकुलता एक समुद्र होता. तिथे संख्या का घटली याची कारणं अनेक असू शकतात, आणि सगळा दोष चोरांवर टाकणं बरोबर नाही. पण संख्या घसरत असताना जे खेकडे कोणत्याच हिशोबात न चढता जातात, ते धोका उशिरा कळण्याचं कारण होतात. शेवटी दार बंद होतं ते नियम पाळणाऱ्यांसाठी. चोर बंदीतही येतोच.

आई काही बोलली नाही. दुपारी मात्र तिने लेकाला विचारलं, “त्या माद्यांचं काय झालं रे, काल गाडीत गेल्या त्यांचं?” त्याने मान हलवली. तिनेही.

२० ऑगस्ट, रविवार

उतारावर परत आलो तर खात्याचा अधिकारी उभा. त्याने प्रत्येकाचा परवाना आणि कार्ड पाहिलं, नोंद शाईने केली आहे का ते पाहिलं, बादलीतला प्रत्येक खेकडा उलटा करून मापपट्टी लावली. बोयावरच्या नावाशी परवान्यावरचं नाव जुळवलं. सुती दोरा बोटाने चाचपला. लेकाचं कार्ड बघून त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

आमच्या मागच्या बोटीवर दोन खेकडे पट्टीत बसले नाहीत. पाव इंचही कमी नव्हते. त्या गृहस्थांना दंडाची चिठ्ठी मिळाली. ते चिडले, पण शेजारी त्यांना शांतपणे म्हणाले की पट्टी सगळ्यांना एकच असते.

अधिकाऱ्याला मी विचारलं, इतक्या मोठ्या किनाऱ्यावर तुम्ही पुरता कसे? तो म्हणाला, पुरत नाही, लोक फोन करतात म्हणून निभतं. हे मी वहीत लिहून ठेवलं.

लेकाने परवा दगडाखाली एक हिरवट खेकडा पाहून तो युरोपियन ग्रीन क्रॅब असावा म्हणून घाबरून खात्याला फोटो पाठवला होता. हा परका खेकडा इथल्या ईलग्रास गवताचा आणि शिंपल्यांचा नाश करतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्यपालांनी त्याच्यामुळे आणीबाणी जाहीर केली होती. उत्तर आलं, तुझा खेकडा इथलाच आहे, हेल्मेट क्रॅब, त्याला सोड. फोटो काढा, कळवा, पण स्वतः मारू नका, असं खातं म्हणतं ते याचसाठी. ओळखण्यात घोळ झाला तर आपलेच खेकडे मरतात. परक्याच्या डोळ्यांजवळ दोन्ही बाजूंना पाच-पाच काटे असतात. लेकाने ते चित्र काढून भिंतीवर लावलं आहे.

३० ऑगस्ट, बुधवार

नारळी पौर्णिमा, आणि योगायोगाने बंदचा वार. पाण्यावर एकही लाल-पांढरा बोया नाही. आईने किनाऱ्यावर नारळ वाढवला.

मग ती आपल्या किनाऱ्याबद्दल बोलत बसली. जून-जुलैत सरकार यांत्रिक बोटींना बंदी घालतं ती वेगळी, पण नारळी पौर्णिमेआधी खवळलेल्या समुद्रात होडी घालायची नाही हे कोळ्यांचं स्वतःचं ठरलेलं. ते कोणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. आता तिच्या माहेरच्या बाजूला छोट्या होडीवाल्यांची तक्रार वेगळीच आहे. रात्री खोल समुद्रात दिव्यांचा लखलखाट करून बोटी मासळी गोळा करतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवले. तरी दिवे दिसतात, असं ती म्हणते. होडीवाले स्वतः समुद्रात जाऊन बोटी अडवतात, मोर्चे काढतात, बंदरावर तक्रारी देतात.

“त्यांना तू चहाडखोर म्हणशील का?” मी विचारलं.

“त्यांना कशी म्हणेन? त्यांचा समुद्र आहे तो.”

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, “तुझाही आहे म्हण की मग.”

४ सप्टेंबर, सोमवार

लेबर डे, उन्हाळी मोसमाचा शेवटचा दिवस. दुपारीच सगळे पिंजरे काढले. परत येताना दोन ठिकाणी कोणाचे तरी बोये तसेच होते. संध्याकाळपर्यंत मालक येतीलही, म्हणून शेजाऱ्यांनी फक्त जागा टिपून ठेवली. मंगळवारी सकाळीही ते तिथेच दिसले तर कळवायचं, असं ठरलं. वेळ संपण्याआधी संशय घ्यायचा नाही, वेळ संपल्यावर डोळेझाक करायची नाही. त्यांच्याकडून शिकण्यासारखं हे आहे.

पिंजरे गोड्या पाण्याने धुतले, सुती दोरे कापून टाकले.

२४ सप्टेंबर, रविवार

घरी गणपती आहेत, आई पुढच्या आठवड्यात परत जाणार. आरती झाल्यावर मी आणि लेक कार्ड भरायला बसलो. उन्हाळी कार्डाचा अहवाल १ ऑक्टोबरच्या आत द्यायचा असतो. एकही खेकडा मिळाला नसला, एकदाही पाण्यावर गेला नसलात, तरी शून्य म्हणून कळवावंच लागतं. न कळवणाऱ्याला पुढच्या परवान्याच्या वेळी दहा डॉलर जास्त पडतात. पण दहा डॉलरसाठी कोणी हे करावं असं मला वाटत नाही. उन्हाळ्यात किती गेले ते या कार्डांवरून मोजलं जातं आणि त्यावर हिवाळ्यात कुठे किती दिवस उघडायचं ते ठरतं. शून्य हाही खेकड्यांचाच आकडा आहे.

या उन्हाळ्यात मला उमगलं ते हे, की समुद्राखाली किती खेकडे आहेत हे कोणी जाऊन मोजू शकत नाही. आपण काय घेतलं हे आपण खरं सांगितलं तरच ते कळतं. स्वतःचे आकडे कळवणं आणि बादली लपवणाऱ्याची खबर देणं ही दोन वेगळी कामं नाहीत. दोन्हींमुळे हिशोब खरा राहतो, आणि हिशोब खरा असेल तोवर कोणालाच सगळा समुद्र बंद करावा लागत नाही.

महाराष्ट्र शासनानेही यंदा माशांच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले आहेत, पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचं नाही. आईने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. म्हणाली, परत गेल्यावर बाजारात मोजून घेईन, आणि कोळणीने छोटं पुढे केलं तर नको म्हणेन. तिला माझ्याकडची जुनी मापपट्टी हवी आहे. मी ती तिच्या बॅगेत ठेवली.

मीही एक पान तयार केलं आहे. दर वर्षी इथे नवी मराठी कुटुंबं येतात, त्यांना खेकडे आवडतात आणि नियम माहीत नसतात. त्यांच्यासाठी मराठीत सगळं लिहिलं आहे. डंजनेस आणि रेड रॉक कसे ओळखायचे, मादी कशी ओळखायची, माप कुठे लावायचं, कोणते वार बंद, सुती दोरा का, कार्ड कधी भरायचं, अहवाल कधी द्यायचा. शेवटच्या ओळीत शिकारचोरी कळवायचा क्रमांक आहे आणि त्याखाली दोन सूचना. ज्याला माहीत नाही त्याला आधी सांगा. ज्याला माहीत आहे आणि जो लपवतो त्याच्याबद्दल कळवा, आणि कळवताना फक्त त्याने काय केलं तेवढंच सांगा. पुढच्या जूनमध्ये, मोसम उघडण्याआधी, हे पान माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरी पोचेल.